डाव्या डोळ्याखालचा हिरवा

नाना, गेल्या महिन्यात तुमची मुलगी माझ्याकडे आली होती. जळगावला, माझ्या घरी. बरोबर तिच्या आईचं, अक्कांचं चित्र होतं, जुन्या चादरीत गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मी मोजायचं सोडून दिलं आहे. पण तिने चादर सोडली, जुन्या तेलाचा कडवट वास आला आणि माझ्या उजव्या हाताची बोटं आपोआप मिटली. मी शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. मी वर्गात शिरले की मागच्या बाकापर्यंत शांतता व्हायची. ती मी, स्वतःच्याच बैठकीत, मूठ मिटून पाठीमागे लपवून उभी. तुमच्या मुलीच्या ते लक्षात आलं असावं. ती म्हणाली, "तुम्हालाही मारायचे का?" मी म्हणाले, "चहा घेतेस ना?"

धुळ्याचं तुमचं घर मला अजून इंच न् इंच आठवतं. रस्त्याकडची खोली तुमची, मधली अंधारी, मागे स्वयंपाकघर आणि त्यापलीकडे फरशीचं अंगण. मुलगी तेव्हा लग्न होऊन गेली होती, मुलगा शिकायला बाहेर; घरात तुम्ही आणि अक्का दोघंच. पुढच्या खोलीत वारलेली माणसं भिंतीला टेकून उभी असायची: संस्थांचे संस्थापक, सोसायट्यांचे अध्यक्ष, कोणाचे वडील, कोणाची आजी. दोंडाईच्यापासून लोक आपापल्या घरातला एखादा पुसट फोटो घेऊन यायचे आणि तुम्ही त्यावरून तैलचित्र करून द्यायचात. लोक म्हणत, नानांनी काढलं की माणूस परत घरात येतो. मी पहूरची. कॉलेजसाठी धुळ्याला मावशीकडे राहायची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. कलाशिक्षकाच्या कोर्सला प्रवेश हवा होता आणि तिथे तैलरंगातलं एक व्यक्तिचित्र घेऊन जायचं होतं. चित्र नाही तर प्रवेश नाही, प्रवेश नाही तर पहूरला परत. एवढं साधं होतं. तुमच्याशिवाय शिकवणारं गावात दुसरं कोणी नव्हतं आणि मुलीला शिकवायला तुम्ही नाही म्हणाला नाहीत, हे मी आजही तुमच्या बाजूला लिहिते.

तुमची पद्धत वेगळी होती. पहिल्या दिवशी तुम्ही पुढच्या खोलीतून अक्कांचं चित्र उतरवलं. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी त्यांना समोर बसवून काढलेलं. तुम्ही जिवंत माणसाचं काढलेलं ते एकच असावं. ते तुम्ही उलटं टांगलंत, डोकं खाली. त्यावर आडवे-उभे दोरे बांधून चौकटी केल्यात आणि वर वर्तमानपत्र लावलंत, एक रांग तेवढी उघडी. माझ्या कॅनव्हासवरही तशाच चौकटी. "चेहरा काढायला बसशील तर चेहरा येणार नाही," तुम्ही म्हणालात. "नाक-डोया इसरी जाय. रंग देख. जसा शे तसाच लाव." गिऱ्हाइकांशी तुम्ही पुस्तकी मराठी बोलायचात. शिकवताना आणि चिडलात की घरची अहिराणी यायची. त्यामुळे त्या भाषेतला 'देख' ऐकला की अजूनही मी आधी मान आत घेते आणि मग बघते.

कारण तुमच्या हातात ती काठी असायची. रंगवताना हात टेकवायची, टोकाला चिंधी गुंडाळलेली. चिंधीचं टोक कॅनव्हासकडे आणि दुसरं टोक माझ्या बोटांच्या पेरांवर. गालाचा रंग गुलाबी लावला, एक. "गुलाबी दिसला की आठवला?" आठवला होता, म्हणून दुसरी. एकदा मी चार दिवस खपून केलेला पदराचा भाग तुम्ही रंगाच्या सुरीने एका दमात खरवडलात आणि तो लगदा माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ दाबलीत, सुरीचं पातं आत असताना. अंगठ्याच्या मुळाशी तो कापल्याचा व्रण आजही आहे. तुम्ही तेव्हा काय बोललात तेही आठवतं: "रक्ताचा रंग बघून घे, पुस्तकात लाल लिहितात." मावशीला मी विळी लागली म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मला कोणी ओढून आणत नव्हतं, नाना. मी चालत येत होते, अर्धा तास आधी. कारण त्या काठीखाली माझ्या हाताला जे येत होतं ते दुसरीकडे कुठे आलं नसतं, हे मला कळत होतं. हे लिहिताना मला राग येतो, आणि तो फक्त तुमचा नाही.

आणि भिंतीपलीकडचे आवाज. ते मी ऐकायची आणि ब्रश चालू ठेवायची. चहा गार झाला, आलेल्या माणसाला पाणी उशिरा गेलं, भाजीत मीठ. तुम्ही काठी टेकवून उठायचात, मधल्या खोलीत जायचात. आधी काही नाही. मग भांडं पडल्याचा आवाज, मग तो दुसरा, ओला, जाड. अक्का ओरडत नसत. एकदाच "ओ माय" म्हणाल्याचं ऐकलं. मग तुम्ही परत यायचात, हात धोतराला पुसायचात, बारीक ब्रश उचलून कोण्या अध्यक्षाच्या डोळ्यातला पांढरा ठिपका ठेवायचात. एका फटक्यात, जागच्या जागी. मी तुमच्या मनगटाकडे बघायची. ते जरासुद्धा थरथरत नसे. माझं थरथरायचं. थोड्या वेळाने अक्का मला चहा आणून द्यायच्या, एका बाजूने पदर पुढे ओढलेला. "पी ली पोर, गार व्हई जाई." मी पदराकडे बघत नसे. मी कपाकडे बघायची.

तिसऱ्या महिन्यात मी खालच्या रांगांत पोचले. उलट्या चित्रात तिथे डोळे होते, पण मला ते डोळे म्हणून माहीत नव्हते. डोळा विसरायला तोपर्यंत मी शिकले होते. एका चौकटीत मला एक रंग दिसला. आजूबाजूला उजेडातली कातडी, आणि मधेच पिवळट हिरवा, कडेला जांभळ्याकडे झुकणारा. सावली म्हणावी तर उजेड त्याच बाजूने येत होता, तिथे सावली पडायचं कारण नव्हतं. मी विचार केला नाही. पिवळ्या मातीत किंचित हिरवा मिसळला, पांढरा कमी ठेवला, कडेला जांभळ्याचं नुसतं बोट फिरवलं. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. मी बोटं मिटून घेतली. तुम्ही त्या चौकटीजवळ वाकलात. मग म्हणालात, "हा हिरवा कोणाला लवकर दिसत नाही. तुला दिसला." तीन महिन्यांत तुमच्या तोंडून आलेली ती एकच शाबासकी. मी त्या संध्याकाळी मावशीकडे जेवताना हसत होते. मावशी म्हणाली, "आज काय, चित्र बोललं का काय?"

चित्र सुलटं करायचा दिवस तुम्हीच ठरवलात. वर्तमानपत्र काढलं, दोरे कापले, दोन्ही चित्रं अंगणाच्या दारात उजेडाला शेजारी-शेजारी ठेवली. तेवढ्यात एका सोसायटीचे चिटणीस आपल्या संस्थापकांचं तैलचित्र न्यायला आले. जाडसर, हसरा माणूस, तंबाखूची डबी हातात. ते पुढे आले, वाकले, एकदा तुमच्या चित्राकडे बघितलं, एकदा माझ्या. "वा, नाना. हुबेहूब. पोरगी तुमच्याही पुढे जाणार." मग माझ्या चित्राजवळ तोंड नेऊन म्हणाले, "वहिनींना काय लागलं होतं हो डोळ्याखाली? चांगलं काळंनिळं दिसतंय."

त्या क्षणी मला चेहरा दिसला. तुम्हालाही तेव्हाच दिसला. तुमचं चित्र वर्षानुवर्षं भिंतीवर उंच, धुरात आणि पिवळ्या पडलेल्या वार्निशखाली होतं. ते कोणी वर मान करून बघत नव्हतं. माझं ताजं होतं. आणि ते जे होतं ते दोन्हीकडे होतं. आठ-दहा दिवसांचा मुका मार, डाव्या डोळ्याखाली. तुम्ही स्वतः, तुमच्याच हाताने, तुमच्याच नियमाने लावलेला. अक्कांना समोर बसवून तुम्ही नाक-डोळा विसरलात आणि रंग बघितलात. जसा होता तसाच लावलात. तो कशाचा रंग आहे हे तुम्हाला त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं, यावर माझा अजूनही विश्वास आहे. मी आयुष्यात इतकी भयंकर गोष्ट दुसरी पाहिली नाही, आणि मारहाण मी पुढे पुष्कळ पाहिली.

तुम्ही चिटणीसांना हसून म्हणालात, "अहो, शिकाऊ हात. रंग डागाळला." त्यांना दारापर्यंत सोडलंत. रिक्षात चित्र नीट ठेवून दिलंत. परत आलात, पुढचं दार लावलंत आणि सरळ आत गेलात. अक्कांना दंडाला धरून अंगणाच्या दारात आणलंत, त्यांच्या हाताला कणीक तशीच. "काय सांगं तू इले?" माझ्याकडे बोट करून विचारलंत. अक्कांना काहीच कळेना. "मी काहीच नही सांगं." "मग इले कसं माहीत?" आणि मारलंत. थोबाडीत नाही, मुठीने. मग काठी. चिंधीचं टोक तुमच्या हातात आणि दुसरं त्यांच्या खांद्यावर, कानावर, वर केलेल्या हातांवर. काठी मोडली तेव्हा त्या मागे गेल्या आणि माझ्या चित्राच्या लाकडी घोडीवर पडल्या.

मला आता इथे जे लिहायचं आहे त्यासाठी मी चार पानं लिहीत आले आहे. मी दोन हातांवर होते. एक वाक्य पुरे होतं: नाना, त्यांनी सांगितलं नाही, तुमच्या चित्रात आहे. ते मी बोलले नाही. बोलले असते तर मार माझ्याकडे वळला असता, आणि चार दिवसांवर प्रवेशाची मुलाखत होती. घोडी कलंडली तेव्हा माझे दोन्ही हात पुढे गेले. मी कॅनव्हास धरला. ओला होता, कडेला धरला, बोटं रंगाला लागू दिली नाहीत. अक्का फरशीवर डोकं आपटून पडल्या, दोन फुटांवर. मी कॅनव्हास धरून उभी होते.

तुम्ही धापा टाकत म्हणालात, "झाक ते." मी पांढरा घेतला, पिवळी माती घेतली, लाल मातीचा कण घेतला. उजव्या गालाकडे बघून रंग जुळवला आणि तो हिरवा झाकला. पाच मिनिटं लागली नसतील. अक्का उंबऱ्याशी बसल्या होत्या, भुवईतून रक्त कानाकडे जात होतं, ते पुसायचं सोडून माझ्या ब्रशकडे बघत होत्या. माझा हात त्या दिवशी थरथरला नाही. हेही तुमच्याकडूनच आलं म्हणायला हवं. तुम्ही मला शिफारशीचं पत्र दिलंत, चांगलं दिलंत. मला प्रवेश मिळाला. ते पत्र न्यायला आले तेव्हा भुवईवर पट्टी लावलेल्या अक्कांनी चहा दिला आणि माझ्या चित्राकडे बोट करून म्हणाल्या, "चांगली दिसस मी त्यामा." मी कप अर्धा ठेवून निघाले. त्या मला टोमणा मारत आहेत असं मी समजले. चाळीस वर्षं तसंच समजत राहिले.

मी पुढे कशी शिक्षिका झाले तेही सांगते, तुम्हाला त्यात रस असेल. फूटपट्टी. उभी, धारेच्या बाजूने. रेघ वाकडी आली, एक. रंग आठवून लावला, दोन. माझी मुलं जिल्ह्यात पहिली येत, पालक नमस्कार करत. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने पट्टी येताना हात मागे घेतला नाही, पुढे केला. दुसराही केला. आणि माझ्याकडे बघत राहिली, रडली नाही, मार संपायची वाट बघत. त्या पदराआडच्या बाईसारखी. मी पट्टी टेबलावर ठेवली. शेजारच्या वर्गातल्या मॅडम मधल्या सुट्टीत म्हणाल्या, "आज तुमच्या वर्गातून आवाज नाही आला, तब्येत बरी आहे ना?" सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर मारलं नाही असं लिहायला आवडलं असतं. कमी मारलं.

तर तुमची मुलगी. तुम्ही गेल्यावर अक्का दहा वर्षं, शेवटपर्यंत, तिच्याकडे दीपनगरच्या कॉलनीत होत्या. जळगावपासून तासाभराची वाट. मला ठाऊक होतं. मी एकदाही गेले नाही. चहा पिताना मुलगी म्हणाली, "हे चित्र आता भाऊ पुण्याला नेतोय. मला एक नक्कल हवी. तुम्ही पूर्वी हीच केली होती असं आई सांगायची."

"सांगायच्या?"

"हो. म्हणायची, तिचा हात तुझ्या बापापेक्षा चांगला." मग तिने चित्रावर बोट ठेवलं, बरोबर त्या जागी. "एवढं मात्र काढून टाका."

मी तयारच होते. इतकी वर्षं मी हे वाक्य मनात घोळवलं होतं. म्हणाले, "तो डाग नाही. रंग काळवंडलेला नाही. ते काय आहे ते तुला सांगते."

"मॅडम, मी त्या घरात वाढले," ती म्हणाली. "मला काय सांगता. माझ्या पाठीवर आहे तसलं. म्हणून तर म्हणते, काढून टाका."

"पण ते खरं आहे. एकदा मी ते झाकलं, आता नाही झाकणार." मी जरा वरच्या आवाजात बोलले असेन. वर्गातला आवाज.

तिने कप खाली ठेवला. "खरं तुम्हाला हवंय ना, मग भाऊ नेतोय ते बघा जाऊन. मी आईला मार नसलेली कधी पाहिलीच नाही हो. एकदा बघू द्या. आईला पण तेच हवं होतं. हे चित्र तिने कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. तुम्ही केलेलं आठवायची. म्हणायची, त्यात मी चांगली दिसते."

मी उठून आत गेले, गॅसवर काही नसताना गॅस बघितला आणि परत आले. नाना, माझी अर्धी जिंदगी मी तुमच्या विरुद्ध एक साक्ष जपून ठेवली होती आणि ती मागायला कोणी आलं नव्हतं. ज्यांचा गाल होता त्यांना दुसरंच काही हवं होतं. तो डाग नसलेला चेहरा मी तेव्हा भीतीने दिला, आणि तरी त्यांनी तो घेतला. याने माझं वागणं बरं ठरत नाही. मला कोणी तसं समजावू नये.

मी चित्र केलं. या वेळी उलटं टांगलं नाही, दोरे बांधले नाहीत. अक्कांच्या तोंडाकडे बघत केलं, नाक नाक म्हणून आणि डोळा डोळा म्हणून. तुम्ही मारलं असतंत. त्या जागी आले तेव्हा दोन दिवस ब्रश उचलला नाही. न मारलेला गाल कसा असतो ते त्या चेहऱ्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण नीट बघितलं तर उजवा गालही किंचित सुजलेलाच आहे. तोही तुम्ही जसा होता तसाच लावला आहे. शेवटी मी तुमच्या मुलीला अर्धा तास खिडकीत बसवलं आणि तिचा गाल घेतला. ती साठीला टेकलेली, पण रंग आईचा आहे.  चित्र चादरीत गुंडाळताना तिने चेहऱ्यावर घडी येऊ नये म्हणून दोनदा सोडून पुन्हा गुंडाळलं.

ही पानं कुठे जाणार नाहीत हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक आहे. रद्दीत जातील. शिस्तीने लिहिली आहेत, एवढंच. आणि एक राहिलं. तुम्हाला लिहायला बसण्याआधी मी तीन कागद फाडले. त्यांच्यावर तुमचं नाव नव्हतं, अक्कांचं होतं, आणि नावाच्या पुढे एकातही काही लिहून झालं नाही. तुमच्याशी मला भांडता येतं, म्हणून तुम्हाला लिहिलं.